धुऱ्यावरची बोर राहू द्या

जूनअखेर वऱ्हाडातल्या शाळा उघडतात आणि लगेच जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव येतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रीय मंत्री असताना सुरू झालेला हा कार्यक्रम आता शाळांच्या अंगवळणी पडला आहे. रोपवाटिकेतून रोपे येतात, खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप लागते. त्याच सुमारास शाळेत आणखी एक काम चालू असते. सुट्टीत आवारात वाढलेली झुडपे तोडायची, कुंपणाची बोर छाटून टाकायची, वाळलेले झाड पाडायचे, गवत खुरपून जमीन लख्ख करायची. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच आवारात, तेच हात एका बाजूला झाड लावतात आणि दुसऱ्या बाजूला झुडूप तोडतात.

यातल्या कोणत्या कामाचा परिणाम पक्षी, फुलपाखरे, मुंगूस, खारी यांच्यावर अधिक होत असेल? उत्तर शोधायला एक सोपी पाहणी करता येईल. सकाळी सात वाजता दहा मिनिटे स्वच्छ केलेल्या आवारात उभे राहा. पुढची दहा मिनिटे कुंपणापलीकडच्या एखाद्या धुऱ्यावर काढा. तिथे एखादी जुनी बाभूळ, दोन-चार बोरी आणि गुडघाभर गवत असावे. दोन्हीकडे दिसलेल्या पक्ष्यांच्या जाती मोजा. बहुतेक ठिकाणी धुरा जिंकेल. तो का जिंकतो हे समजले, की घराच्या परसात, शाळेच्या आवारात, वावराच्या कडेला आणि गावच्या झाडोऱ्यात काय करावे व काय करू नये, हे ठरवणे सोपे जाते.

बारमाही शिधा

कोणत्याही प्राण्याला चार गोष्टी लागतात: अन्न, पाणी, लपायला जागा आणि पिले वाढवायला जागा. या चारही गोष्टी त्याच्या आवाक्यात आणि वर्षाचे बाराही महिने मिळाव्या लागतात. अकरा महिने मिळाल्या आणि मे महिन्यात मिळाल्या नाहीत, तर त्या जागी तो प्राणी टिकत नाही. वऱ्हाडात मे महिन्याची ही परीक्षा फार कडक असते. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही आपल्याला नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

म्हणून आपल्या परिसरातील झाडांचे वेळापत्रक मांडून पाहणे उपयोगी ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात. त्या वेळी इतर हिरवाई कमी होत असते आणि शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, भांगपाड्या मैना या फुलांवर गर्दी करतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. एप्रिल-मेमध्ये टेंभुर्णी आणि चारोळी पिकते. जूनमध्ये जांभळे आणि निंबोळ्या येतात. पावसाळ्यात गवताचे बी आणि कीटक विपुल असतात. दिवाळीच्या मागेपुढे सीताफळे आणि हिवाळाभर बोरे मिळतात. बोर ही केवळ मुलांची मेजवानी नाही. कोल्ह्यापासून बुलबुलापर्यंत अनेकांचा हिवाळ्याचा शिधा त्या काटेरी झुडपावर लटकलेला असतो.

या वेळापत्रकातल्या रिकाम्या जागा भरून काढणारी झाडे म्हणजे उंबर, वड, पिंपळ ही फायकस कुळातली मंडळी. उंबराच्या आत बारीक किडे दिसतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण त्यात मोठी गंमत आहे. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. त्यातल्या फुलांचे परागीभवन ठरावीक जातीची चिमुकली गांधीलमाशीच करते आणि तिची पिल्लेही त्यातच वाढतात. एका झाडावरून उडालेल्या माशीला लगेच दुसरे तयार झाड मिळाले नाही तर माशीही संपेल आणि झाडाचे बीही धरणार नाही. म्हणून या जातीची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. आज हे, महिन्याने ते. हरियल, कोकीळ, तांबट, वटवाघूळ यांना त्यामुळे वर्षातल्या आडमहिन्यांतही काहीतरी मिळत राहते. गावात एक उंबर असणे आणि चार उंबर असणे यातला फरक येथे कळतो.

पान कोण खाते?

फळाफुलांइतकेच महत्त्वाचे अन्न पानांत असते, पण ते आपल्या लक्षात येत नाही. पाने खाणाऱ्या अळ्या हे पक्ष्यांच्या पिलांचे मुख्य अन्न आहे. चिमणी किंवा सुगरण एरवी दाणे टिपत असली, तरी पिलांना भरवताना ती किडे आणि अळ्याच आणते. वाढत्या पिलाला प्रथिने लागतात. अळ्या नसतील तर घरटे असूनही पिले जगत नाहीत.

आता अळ्या कोणत्याही पानावर वाढत नाहीत. प्रत्येक वनस्पती आपली पाने वाचवण्यासाठी त्यांत कडू किंवा विषारी रसायने साठवते. ही रसायने पचवण्याची युक्ती एखाद्या कीटकाच्या जातीला हजारो पिढ्यांच्या सहवासानंतर साधते. रुईच्या चिकात विष असते. तरी नारिंगी पंखांच्या आणि काळ्या किनारीच्या एका फुलपाखराची अळी रुईच खाते, ते विष अंगात साठवते आणि पक्ष्यांना कडू लागते. बहाव्याच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पावसाळ्यात उगवणाऱ्या तरोट्यावर लहान पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. लिंबू, संत्रा, कढीपत्ता यांच्यावर मोठ्या पंखांच्या पाकोळ्यांच्या अळ्या असतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून निवडले गेलेले ब्ल्यू मॉरमॉन याच गटातले आहे. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागाइतदाराला या गटातल्या अळ्या नर्सरीत नकोशा वाटतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण परसातल्या कढीपत्त्याची चार पाने खाल्ली म्हणून फवारणीचा पंप बाहेर काढण्याचे कारण नाही.

बाहेरून आणलेल्या झाडांना इथल्या कीटकांचा असा सहवास लाभलेला नसतो. ब्रिटनमध्ये साउथवुड या कीटकशास्त्रज्ञाने १९६१ साली निरनिराळ्या झाडांवरील कीटकांच्या जातींची यादी केली. तिथल्या मूळच्या ओकवर २८४ जाती, तर बाहेरून आणलेल्या हॉर्स चेस्टनटवर अवघ्या ४ जाती निघाल्या. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात घरांभोवतीच्या बागांचा अभ्यास करून नारँगो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली असे दाखवले, की बागेतील एकूण झाडोऱ्यात स्थानिक वनस्पतींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले, तर चिकडी नावाच्या कीटकभक्षी पक्ष्याची तिथली संख्या टिकू शकत नाही. हा ७० चा आकडा त्या पक्ष्याचा आणि त्या शहराचा आहे. तो जसाच्या तसा अकोल्याला लावू नये. त्यामागचे तत्त्व मात्र आपल्याकडेही लागू पडते.

गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. ही झाडे भराभर वाढतात, ढोरे निलगिरीला तोंड लावत नाहीत, गुलमोहोर उन्हाळ्यात सुंदर दिसतो. म्हणून शाळाशाळांतून ती लागली. ती आता उपटून टाका असे कोणी म्हणणार नाही, कारण सावलीही मोलाची असते. शिवाय सीताफळही मूळचे अमेरिकेतलेच आहे आणि ते आपल्याकडे माणसांना व पाखरांनाही पोसते. मुद्दा प्रमाणाचा आहे. पुढची दहा झाडे लावताना त्यांतली आठ कडुनिंब, हिवर, पळस, बेल, कवठ, जांभूळ, उंबर, करंज, मोह, नाल्याकाठी अर्जुन अशी असावीत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते आणि त्यावर रोपे जगवणे कठीण जाते. तिथे आपोआप उगवलेली बाभूळ, बोर आणि कडुनिंब यांनाच राखून वाढवणे हा कमी कष्टाचा मार्ग आहे.

तीन मजले आणि एक तळघर

जंगलात झाडोऱ्याचे मजले असतात. वर मोठी झाडे, मध्ये झुडपे आणि वेली, खाली गवत व लहान रोपे. प्रत्येक मजल्यावर वेगळे भाडेकरू राहतात. तांबट आणि हरियल वरच्या मजल्यावर. बुलबुल, शिंपी, सातभाई मधल्या मजल्यावर. तितर, लावा आणि मुनिया खालच्या मजल्यावर. आपल्या आवारांत बहुधा वरचा मजला असतो आणि त्याखाली थेट झाडलेली जमीन. मधला मजला नसल्याने झाडे असूनही पक्षी कमी दिसतात. बोर, करवंद, निरगुडी, मेहंदी, तरवड यांची कुंपणालगत तुटक रांग राखली तरी हा मजला उभा राहतो. बाभूळ-बोरीच्या काट्यांत मांजराचा पंजा पोचत नाही, म्हणून लहान पक्षी घरट्यासाठी काटेरी जागा पसंत करतात. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले आपण पाहतोच.

झुडूप म्हणून घाणेरी चालेल का, असा प्रश्न येईल. तिला आपल्या भागात रायमुनियाही म्हणतात. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात आणि फळे बुलबुल खातो, हे खरे. पण ती इतकी दाट माजते, की तिच्याखाली दुसरे रोप उगवत नाही आणि काही वर्षांत तिथे तीच एकटी उरते. वेड्या बाभळीचेही तसेच. या दोघींना हळूहळू काढून त्यांच्या जागी देशी झुडपे येऊ द्यावीत. सगळी एकदम काढली तर तेवढा आसरा एकदम जातो, म्हणून तुकड्यातुकड्याने काढणे बरे.

तळघर म्हणजे पालापाचोळा आणि त्याखालची माती. वाळलेल्या पानांत बुरशी, वाळवी, गोमा, कोळी, गांडुळे यांचा संसार चालतो. पाने कुजून झाडाला परत खत मिळते, काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कमी होतात, ओल टिकते. हा कचरा उलटापालटा करून किडे वेचणारे सातभाई पाहिले, की या तळघराचे गिऱ्हाईक कोण ते समजते. फाल्गुन-चैत्रात आपण ही सगळी दौलत गोळा करून पेटवतो.

अमरावती जिल्हा गाडगेबाबांचा. शेंडगावात जन्मलेल्या या संताने हातात झाडू घेऊन गावेच्या गावे स्वच्छ केली. तेव्हा झाडण्याविरुद्ध बोलणे आपल्याला शोभणार नाही. परंतु घाण आणि पालापाचोळा यांत फरक केला पाहिजे. प्लास्टिक, सांडपाणी, उष्टे-खरकटे ही घाण. ती उचललीच पाहिजे. पान ही घाण नव्हे, ते झाडाचेच उद्याचे जेवण आहे. वर्गांसमोरचे अंगण आणि वाटा रोज झाडाव्यात, आणि कुंपणाकडच्या झाडांच्या बुंध्याशी पाने तशीच पडू द्यावीत. झाडलेली पाने जाळण्याऐवजी तिथेच नेऊन टाकावीत.

वाळलेल्या झाडाची उपयुक्तता

वाळलेले झाड सरपणाशिवाय कशाचे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात जिवंत झाडापेक्षा वाळलेल्या, मऊ पडलेल्या खोडाला अधिक भाडेकरू लाभतात. मराठा सुतार आणि तांबट चोचीने अशा लाकडात ढोली कोरतात. एका विणीनंतर ते बहुधा नवी ढोली करतात. रिकाम्या झालेल्या ढोलीत साळुंकी, पोपट, पिंगळा, नीलपंख यांची वीण होते, कारण त्यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. म्हणजे सुतार पक्षी हा गावातला घरबांधणी करणारा आणि वाळलेले लाकूड हे त्याचे बांधकामाचे साहित्य. दोन्ही नसतील तर बाकीच्यांना घर नाही. लाकडात भोके पाडून राहणारे काळे भुंगेही याच आश्रयाला येतात आणि ते तुरीच्या फुलांवर हमखास दिसणारे परागवाहक आहेत.

ढोलीचे महत्त्व पटवणारे उदाहरण आपल्या उत्तरेलाच आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला लहान पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने मिळाला नव्हता. तो नष्ट झाला असे बहुतेकांनी धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो खानदेशात शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला आणि आज मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. तो झाडाच्या ढोलीतच वीण करतो. आपल्या परसात रानपिंगळा येणार नाही, पण त्याचा चुलतभाऊ साधा पिंगळा नक्की येईल आणि तो उंदीर व मोठे किडे खाऊन आपले भाडे चुकते करील. धोका नसलेल्या जागी एखादे वाळलेले खोड उभे ठेवावे. वर्गावर किंवा रस्त्यावर पडण्याची भीती असेल तर ते पुरुषभर उंचीवर कापून खालचा बुंधा ठेवावा; कापलेले ओंडके कुंपणाशी रचावेत.

पाणी

उन्हाळ्यात मातीचे पसरट भांडे ठेवण्याची पद्धत आता रुजली आहे. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. भांडे उथळ असावे किंवा त्यात दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत. ते झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, मोकळ्या जागी असावे. मांजर दबा धरून बसले तर पक्ष्याला दिसले पाहिजे. आणि पाणी रोज, निदान दोन दिवसांनी, भांडे घासून बदलावे. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एवढ्याने डासांची भीती राहत नाही. खारपाणपट्ट्यात भांड्यात विहिरीचे खारे पाणी न घालता साठवलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी घालावे.

धुऱ्याचे गणित

परस आणि आवार लहान असते. गावातली खरी मोठी जागा धुऱ्यांवर आहे. एक हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. दहा एकरांचे चौकोनी वावर धरा. क्षेत्रफळ सुमारे ४०,४७० चौरस मीटर, म्हणजे बाजू २०१ मीटर आणि परीघ ८०४ मीटर. दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी एक मीटर सोडला तर धुरा दोन मीटरचा होतो. या शेतकऱ्याची जमीन गेली ८०४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ८ गुंठे. चारशे गुंठ्यांपैकी दोन टक्के. अशी शंभर वावरे असलेल्या गावात एकूण धुरा होतो सुमारे ४० किलोमीटर लांबीचा. चाळीस किलोमीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे हे वीस एकरांचे रान आहे. शिवाय ते एका जागी नसून साऱ्या शिवारात जाळ्यासारखे पसरलेले असते. मुंगूस, ससा, धामण, सातभाई अशा प्राण्यांना एका झाडोऱ्यातून दुसऱ्या झाडोऱ्यात जाण्यासाठी ही आडोशाची वाट आहे.

गेल्या काही दशकांत ट्रॅक्टर आणि खोदयंत्रे आली, जमिनीचे वाटे पडले आणि धुरे हातभर झाले. उरलेल्यांवर तणनाशक मारले जाते. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. बाभळीखाली पऱ्हाटी वाढत नाही, हे तो दरवर्षी पाहतो. इथे थोडे भूगोलाचे ज्ञान कामी येते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंश अक्षांशावर आहोत. खरिपात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली आखूड पडते. रब्बीत तो दक्षिणेला झुकतो व सावली उत्तरेकडे लांबते. म्हणून ज्या धुऱ्याच्या उत्तरेला रस्ता, नाला किंवा पडीक जागा आहे, तिथे मोठी झाडे ठेवावीत. बाकीच्या धुऱ्यांवर छाटता येणाऱ्या बोरी आणि गवत पुरेसे आहे. त्यामुळे शेजाऱ्याशी भांडणही होणार नाही.

धुऱ्याचा मोबदलाही मिळतो. हरभरा आणि तुरीवरील घाटेअळी टिपायला कोतवाल, साळुंक्या येतात, पण त्यांना बसायला जागा हवी. म्हणूनच इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे शेतात उभे करा, अशी शिफारस कृषी विभाग करतो. धुऱ्यावरची झाडे हे कायमचे पक्षीथांबे आहेत.

रोही, डुक्कर आणि साप

एवढे वाचून वऱ्हाडातला कोणताही शेतकरी एकच प्रश्न विचारील: झुडपे राखली तर रोही आणि रानडुकरे वाढणार नाहीत का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. रात्रभर जागल करूनही सकाळी हरभरा तुडवलेला पाहणाऱ्या माणसाला पक्ष्यांच्या गोष्टी सांगणे सोपे नाही.

रानडुकरांचे कळप दिवसा दाट, सलग झाडीत दबून राहतात. नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ आणि घाणेरी यांच्या जाळ्या त्यांना सोयीच्या ठरतात. दोन मीटरच्या धुऱ्यावरच्या तुटक बोरींत कळपाला दडायला जागा नसते. म्हणून पिकाला लागून दाट जाळी वाढू न देणे आणि धुऱ्यावर मात्र विरळ, देशी झुडपे ठेवणे, असा मधला मार्ग काढता येतो. रोही तर उघड्या रानाचाच प्राणी. धुरे साफ केल्याने तो कमी झालेला नाही. याने नुकसान पूर्ण थांबेल असा दावा कोणी करू नये. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे आणि कुंपणाची सोय होणे ही सरकारची व समाजाची जबाबदारी आहे. वन्यजीवांचा भार एकट्या शेतकऱ्याने वाहावा अशी अपेक्षा ठेवली, तर धुऱ्यावरची उरलेली बोरही जाईल.

सापांबाबतही स्पष्ट बोलावे. ओंडक्यांचा ढीग आणि दाट गवत ही सापांच्या आवडीची जागा आहे. धामण उंदीर खाते व बिनविषारी आहे. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे हेही आपल्याकडे आहेत. म्हणून असे ढीग वर्ग, स्वच्छतागृह आणि पाण्याच्या टाकीपासून दूर, आवाराच्या टोकाला असावेत. मधल्या वाटा छाटलेल्या असाव्यात. पाचोळ्यात किंवा लाकडांत हात घालायचा नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. सर्पदंश झालाच तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रत्येक माळाला झाड नको

झाडे लावण्याच्या उत्साहात एक चूक वारंवार होते. गावाबाहेरचा गवताळ माळ किंवा ई-क्लासची जमीन पाहून आपण म्हणतो, ही ओसाड पडली आहे, इथे झाडे लावू. परंतु गवताळ माळ ही जंगलाची मोडकी आवृत्ती नव्हे. ती स्वतंत्र परिसंस्था आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी आहे आणि काळविटाला दूरवर दिसणारा उघडा माळ लागतो. अकोला-वाशीम भागातल्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा हा पक्षी २०२१ पासून अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे. त्याच्या माळावर निलगिरी लावली तर झाडांची संख्या वाढेल आणि तणमोर जाईल. या भागात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन माळ आणि तणमोर राखण्याचे काम केले आहे. पक्ष्यांच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या जाणणारी माणसेच इथे राखणदार झाली, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

तेव्हा खड्डा खणण्यापूर्वी विचारावे, की या जागी पूर्वी काय होते? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असते. गवत होते असे उत्तर आले तर गवतच राखावे. चराई काही काळ आवरली आणि आग टाळली, तर पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवते पुन्हा येतात आणि ढोरांनाही कापून नेता येतात.

पायविहीरचा डोंगर

राखण्याने काय होते, याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. अचलपूर तालुक्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे छोटे गाव आहे. गावाजवळची वनजमीन तोड आणि चराईने उजाड झाली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला १९३ हेक्टर जमिनीवर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘खोज’ संस्थेच्या साथीने ग्रामसभेने नियम केले, रोजगार हमीतून माती-पाणी अडवण्याची कामे केली, लागवड केली आणि जे आपोआप फुटत होते त्याची राखण केली. जंगलातली सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत विकली गेली. २०१४ साली या कामाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तोडलेल्या झाडांची मुळे आणि मातीतले बी बराच काळ जिवंत असते. कुऱ्हाड आणि चराई थांबली की ते वर येते. नव्या रोपाला पाणी घालावे लागते, जुन्या मुळातून आलेल्या फुटव्याला सहसा लागत नाही. दुसरी गोष्ट माणसांची. जमिनीवर हक्क मिळाला, तिच्यातून चार पैसे मिळू लागले, तेव्हा राखण करणे गावाला परवडले.

शाळेत काय करता येईल?

पहिल्या वर्षी नवीन काही लावू नका, फक्त मोजा. आवाराच्या टोकाला दहा मीटर लांब व तेवढाच रुंद असा एक चौकोन दोरीने आखा. त्यात वर्षभर झाडू, विळा आणि तणनाशक जाणार नाही. गाजरगवत, वेडी बाभूळ आणि घाणेरी यांची रोपे तेवढी पावसाळ्यात उपटायची; गाजरगवत फुलण्यापूर्वी आणि हातमोजे घालून. तेवढाच दुसरा चौकोन नेहमीसारखा साफ ठेवलेल्या भागात आखा.

दर पंधरा दिवसांनी, ठरावीक वेळी, दोन्ही चौकोनांत दहा-दहा मिनिटे पाहणी करून वहीत नोंद करा: पक्ष्यांच्या व फुलपाखरांच्या जाती किती, कोणते झाड फुलले, कशाला फळ आले, आपोआप उगवलेली रोपे किती व कशाची. नावे माहीत नसतील तर वर्णन आणि चित्र चालेल. मे महिन्यात दुपारी दोन्ही जागी जमिनीचे तापमान मोजता आले तर फार उत्तम. पाचोळ्याखाली आणि उघड्या जमिनीवर किती अंशांचा फरक पडतो, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पाहणीतून वेळापत्रकात कोणता महिना रिकामा आहे हेही कळेल. दुसऱ्या वर्षीच्या वनमहोत्सवाला रोपवाटिकेकडून त्या महिन्यात फुलणारे किंवा फळणारे झाड मागून घ्या.

आपोआप उगवलेल्या रोपांत बोर आणि कडुनिंब जास्त सापडले तर आश्चर्य वाटू देऊ नका. ती बुलबुलांनी आणि साळुंक्यांनी पेरलेली असतात. फळ खाऊन पक्षी जिथे बसतात तिथे बी पडते, आणि बसण्याजोगे झाड होते म्हणून बी पडले. कुंपणाजवळची ती बोर तोडली नाही, एवढेच आपण केलेले असते.